चिंचेने घासलेला संगमरवर

मुलांनो,

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंच असेल की आजी या वयात एका दगडावरून चर्चच्या कमिटीशी भांडली. सांगताना ते हसले असणार. मागच्या रविवारी फोनवर तुम्हीही हसलात. माझे गुडघे गेले आहेत, कान गेलेले नाहीत. तुमच्या बाबांचं म्हणणं, "दगडाचं काय घेऊन बसलीस, मम्मी? आपण इंटरनेटवर तिच्या नावाचं छान पान करू." जरूर करा. पण त्याआधी त्या दगडाचं काय झालं आणि ते कोणी केलं, हे तुम्हाला कळलं पाहिजे. ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, आणि घरात मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आईला सावकाश वाचून दाखवायला सांगा.

पाऊस ओसरला तेव्हा चर्चच्या फलकावर नोटीस लागली. सिमेटरीत जागा पुरत नाही. हे खरंच आहे. एव्हरशाईन सिटीपासून विरारपर्यंत जिकडे बघावं तिकडे माणसं राहायला आली, आणि राहायला आलेली माणसं कधीतरी मरतातच. इतकं साधं गणित कमिटीला कळायला इतकी वर्षं लागली. मग त्यांनी तोडगा काढला. ज्या कबरीच्या दगडावरचं नाव वाचता येत नाही ती कबर बेवारस समजायची, दगड उचलायचा आणि जागा दुसऱ्या कुटुंबाला द्यायची. मुदत, मृतांच्या दिवसापर्यंत. म्हणजे ज्या दिवशी आम्ही सगळे मेणबत्त्या आणि फुलं घेऊन आपापल्या माणसांजवळ जाऊन उभे राहतो, नेमक्या त्याच दिवसापर्यंत. कमिटीतल्या सात जणांपैकी पाच जणांना चष्मा आहे आणि उरलेल्या दोघांना लागला आहे पण ते मानत नाहीत. यांना दिसलं नाही, की माणूस बेवारस.

नोटिशीखाली तपासायच्या कबरींची यादी होती, आणि त्या यादीत तुमच्या आत्याची कबर होती.

तुमच्या बाबांच्या आधी मला एक मुलगी झाली होती. पाचव्या वर्षी तापाने तीन दिवसांत गेली. तुमचे बाबा तेव्हा जन्मलेलेही नव्हते. तिचा एकच फोटो आहे आणि त्यात ती नेमकी हललेली आहे, चेहऱ्याच्या जागी नुसता धूर दिसतो. तिचे फ्रॉक वाटले गेले. शाळेत घालायच्या आधीच गेली, त्यामुळे तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, पण ती वही कपाटात आणि कपाट कुलपात. तिच्या नावाशेजारी जाऊन बसता येईल अशी जागा जगात एकच आहे. तिथला दगड उचलला असता तर खाली दुसरं कोणी आलं असतं आणि मला बसायला जागा उरली नसती. माझं भांडण एवढंच होतं.

तो दगड मी निवडला होता. माझ्या सासूबाईंना काळा दगड हवा होता. चांदीपच्या बाजूच्या डोंगरातला, आमच्या वाडीत विहिरीजवळ कपडे धुवायला होता तसला. त्या म्हणाल्या, "अगं बाय, या दगडावर माझ्या सासूने कपडे आपटले, मी आपटले, तू आपटतेस. त्याला काय झालं? असलाच घे." मी इंग्रजी माध्यमातून शिकलेली, बी.ए., बी.एड. झालेली बाई. भूगोल शिकवत होते. माझ्या मुलीच्या डोक्यावर धुण्याचा दगड ठेवायचा? मी ठणकावून सांगितलं, संगमरवर. पांढरा. पुस्तकातल्या चित्रांत असतो तसा. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला चुनखडक, हे मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला पाठ करून घ्यायचे. चुनखडक आंबटाने विरघळतो, हेही पाठ करून घ्यायचे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवायची अक्कल मात्र मला डिग्रीबरोबर मिळाली नव्हती.

दगडावर काय कोरायचं यावरूनही वाद झाला. मला खाली इंग्रजीत एक ओळ हवी होती, नाजूक तिरक्या अक्षरांत. ती मी स्वतः रचली होती आणि मला तिचा फार अभिमान होता. सासूबाईंना नुसतं मराठीत नाव आणि वय हवं होतं. शेवटी दोन्ही झालं. पाथरवट काम करत होता तेव्हा त्या त्याच्याजवळ स्टूल टाकून बसल्या आणि मराठी अक्षरांच्या वेळी सारख्या सांगत राहिल्या, "अजून खोल घे. दाबून घे." मी हळूच त्याला म्हटलं, "भाऊ, जास्त खोल नको, बेढब दिसेल." त्याने दोघींकडे बघितलं आणि आपली विडी विझवली. कोणाचं ऐकावं हे त्याला बरोबर कळलं होतं.

आता सफाईबद्दल. आमच्याकडे मृतांच्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात घरोघरच्या बायका सिमेटरीत जातात आणि आपापली कबर स्वच्छ करतात. चार महिन्यांच्या पावसाने दगड हिरवे-काळे झालेले असतात. नारळाचा काथ्या, पाण्याची बादली, मेणबत्तीची पितळी स्टँडं घासायला चिंच. पहिल्या वर्षी मी स्टँडं घासली, हातात चिंचेचा चोथा उरला होता, तो सहज दगडावर फिरवला. दगड असा उजळला की शेजारच्या कबरीवरच्या बाईने मान वळवून बघितलं. "टीचर, काय लावलंत?" मी चिंच दाखवली. झालं. दुसऱ्या वर्षी अर्धी सिमेटरी चिंच घेऊन आली. तिसऱ्या वर्षी लिंबं. मग कोणीतरी बाथरूम धुवायच्या ॲसिडची बाटली आणली. दगडावर ओतलं की फेस यायचा, फस्स् आवाज व्हायचा, आणि बायका खूश होऊन म्हणायच्या, "बघा, कशी घाण उकळून बाहेर येते!"

घाण नव्हती ती, दगड होता. आणि मला ते माहीत होतं. त्याच महिन्यात मी वर्गात फरशीच्या दुकानातून आणलेल्या संगमरवराच्या तुकड्यावर लिंबू पिळून मुलांना विचारायचे, "हे बुडबुडे कसले?" मुलं कोरसमध्ये उत्तर द्यायची, "टीचर, दगड विरघळतोय!" शाब्बास. शुक्रवारी हा प्रयोग आणि शनिवारी तोच प्रयोग स्वतःच्या मुलीच्या नावावर. अडाणी बाईने केलं असतं तर मी तिला भर रस्त्यात झापलं असतं. मी केलं, कारण शेजारचे दगड पांढरे होत होते आणि माझाच काळा राहिला तर लोक म्हणाले असते, टीचरला पोरीची आठवण राहिली नाही. लोक काय म्हणतील या भीतीने मी आठवणीची अक्षरंच घासून काढली. दर वर्षी आठवणीने.

नोटीस लागल्यावर आठवड्याभराने कमिटीची सेक्रेटरी तपासणीला आली. ती माझीच एके काळची विद्यार्थिनी. आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, हातात क्लिपबोर्ड, क्लिपबोर्डला दोऱ्याने बांधलेलं पेन. आली कधी, तर भर दुपारी बारा वाजता. सूर्य डोक्यावर असताना कोरलेली अक्षरं बघायला. सावली कशी पडते हे मी तिला दोन वर्षं शिकवलं होतं, त्याचं हे फळ.

"टीचर, मला काहीच दिसत नाही."

"चष्मा पूस."

"पुसला."

"मग खाली बस. उभ्याने फलक वाचतात, दगड नाही."

ती ड्रेस सावरत खाली बसली. "नुसते खड्डे दिसतात हो."

"नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे. जाऊन बघ."

"कालच बघितलं, टीचर. आहे. पण नियम दगडाचा आहे, वहीचा नाही."

"मग वहीत बघ आणि दगडावर वाच."

"टीचर, ही कॉपी झाली."

तीस वर्षं मीच कॉपी पकडली होती. तिने क्लिपबोर्डवर काहीतरी खूण केली आणि शेजारच्या कबरीकडे वळली. ती कबर माझ्या मुलीच्या किती तरी आधीची, एका वाडीवाल्या म्हाताऱ्याची. काळा दगड. त्याची मुलं-नातवंडं कधीचीच आखातात गेली, त्या दगडाला वर्षानुवर्षं कोणी बोट लावलेलं नाही. वर दगडफुलाचे करडे-हिरवे गोल. हो, तेच, आपण मसाल्यात घालतो ते. तिने पेनच्या टोकाने एक गोल बाजूला केला आणि खाडखाड सगळं वाचून दाखवलं. नाव, बापाचं नाव, गाव.

"टीचर, हा इतका जुना आणि असा कसा? आणि तुमचाच असा कसा गेला?"

मी तोंड उघडलं आणि पाठ म्हणायला लागले. समुद्र जवळ, वाऱ्यात मीठ. ते ओलाव्याबरोबर दगडाच्या बारीक भेगांत शिरतं, उन्हात सुकून त्याचे खडे वाढतात आणि दगडाला आतून फोडतात. पावसाचं पाणी जरासं आंबटच असतं, ते चुनखडकाला दर वर्षी थोडं थोडं चाटतं. दगडफुलातून आम्ल सुटतं. दिवसा ऊन, रात्री गारवा, दगड फुगतो आणि आक्रसतो. याला मराठीत विदारण म्हणतात. एकही शब्द खोटा नव्हता.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पण टीचर, या काळ्यालाही तोच वारा लागतो ना? तोच पाऊस?"

काळा दगड अमर असतो असं समजू नका. आम्ही मुलांना सहलीला चांदीपला न्यायचो तेव्हा एका शेताच्या बांधालगत रस्त्यासाठी कापलेली दरड दाखवायचो. त्यात काळे गोटे होते, आणि प्रत्येक गोट्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. मुलं बुटाच्या टोकाने मारायची आणि पापुद्रा गळून पडायचा, हातात चुरा व्हायचा. शेतकरी लांबून ओरडायचा, "ओ बाई, पोरांना सांगा, तो आमचा मुरूम आहे!" कुजलेल्या काळ्या दगडाचाच मुरूम होतो. ट्रकच्या ट्रक भरून तोच मुरूम खाली आला आणि खाजणात टाकून त्याच्यावर इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींची नावं इंग्रजी फुलांची आणि राजवाड्यांची. पाया मात्र कुजक्या दगडाचा. तर काळाही कुजतो, पण बाहेरून, एकेक पापुद्रा, आणि घाई न करता. त्याला मी चिंच लावली नव्हती, हा एवढा एकच फरक होता.

सेक्रेटरी अजून उत्तराची वाट बघत उभी होती. मी सांगून टाकलं. चिंच, लिंबू, ॲसिड. सगळं.

तिचं तोंड उघडंच राहिलं. "टीचर! तुम्हीच तर आम्हाला लिंबं आणायला सांगायचात!"

"हो."

"माझं लिंबू तुम्ही परत पाठवलं होतंत. सुकलेलं आहे म्हणून."

"सुकलेलंच होतं ते."

ती हसली नाही. मला वाटतं ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "टीचर, नवीन दगड बसवा ना. ग्रॅनाइट. नाव लेझरने. मग नियमाचा काही प्रश्नच राहणार नाही." आणि एक फोन नंबर देऊन गेली.

मी फोन केला. नाही केला असं म्हणणार नाही. दुकानदाराने सांगितलं की मॅडम, ब्लॅक गॅलेक्सी घ्या, मिरर पॉलिश, बेबीचा फोटो पण लेझरने टाकून देतो, लाइफटाइम गॅरंटी.

"कोणाच्या लाइफटाइमची?" मी विचारलं.

"मॅडम, कस्टमरच्या."

"कस्टमर मातीखाली आहे. साठ वर्षं होत आली."

"सॉरी मॅडम. मग तुमच्या."

"माझी फार नाही उरलेली."

"मग तर मॅडम, आरामात टिकेल!"

असा खरा माणूस वसई-विरारमध्ये अजून आहे, याचं मला बरं वाटलं. पण फोटोत ती हललेली आहे हे मी त्याला कसं सांगणार? तो धूरच कोरून देणार, तोही आरशासारखा चकचकीत. आणि दुसरं म्हणजे, नवीन दगड बसवायचा तर जुना उचलावा लागतो. जुना उचलला की तो जातो कुठे, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "भरावात टाकतो मॅडम, तुम्ही काळजी करू नका." मी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी कमिटीला पत्र लिहिलं. एक पान, व्यवस्थित समास सोडून. नियमात दगड कुठल्या वेळी वाचायचा हे लिहिलेलं नाही. कोणी वाचायचा हेही नाही. माझी मागणी अशी की चर्चमधल्या सकाळच्या पहिल्या प्रार्थनेनंतर, म्हणजे मिस्सानंतर, ऊन तिरकं असताना, ज्याला माझ्या मुलीचं नाव माहीत नाही अशा माणसाने तो वाचावा. त्याला वाचता आला नाही तर मी एक शब्दही बोलणार नाही.

शेवटचं वाक्य जोखमीचं होतं. पण ते मी लिहिलं, कारण एवढं लिहिल्यावर कमिटीला नाही म्हणता येणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळी सिमेटरीच्या गेटवर सेक्रेटरी हजर. गेटबाहेर फुलवाली बसली होती, आगाशीहून झेंडू आणि शेवंती घेऊन येते ती. सेक्रेटरीने तिला विचारलं, "मावशी, वाचता येतं?"

"सातवीपर्यंत शिकलेय मी," ती म्हणाली. "वाचायचं काय हाय?"

तिला आत आणली. आदल्या रात्रीच्या दवाने दगड ओलसर होता आणि ऊन अगदी त्याच्या कडेवरून आडवं सरकत होतं. दुपारी जिथे नुसते खड्डे होते तिथे आता प्रत्येक खड्ड्याच्या एका बाजूला सावली होती. मी मुद्दाम दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले. ओठ दाबून धरले. माझ्या ओठांवरून कोणी नाव वाचू नये म्हणून.

फुलवाली गुडघ्यावर बसली. आधी डोळ्यांनी बघितलं, मग पदराला हात पुसला आणि बोट टेकवलं. इंग्रजी ओळ होती तिथे तिचं बोट सरळ घसरत गेलं. "इथं तर काय नाय. गुळगुळीत." माझी नाजूक तिरकी ओळ. ती मी कोणालाच वाचून दाखवली नाही, आता दाखवण्यात अर्थ नाही.

मग तिचं बोट वर, सासूबाईंनी खोल घ्यायला लावलेल्या मराठी अक्षरांवर गेलं. पहिलं अक्षर तिने लगेच सांगितलं. बरोबर. दुसऱ्यावर ती थांबली. बोट फिरवलं, परत फिरवलं, डोकं तिरपं केलं. "हे खाल्लंय कोनीतरी." खाल्लं कोणी ते मला माहीत होतं. तिथेच मी चिंच जास्त घासायचे, कारण त्या अक्षराच्या वेलांटीत शेवाळ अडकायचं. तिसरं तिने सांगितलं. चौथं सांगितलं. मग खाली, "वय... वय पाच." आणि तिने वळून माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत तिला कोणी सांगितलं नव्हतं की ही कबर कोणाची आहे. "तुमची व्हय, बाई?"

मी मान हलवली.

सेक्रेटरी क्लिपबोर्डकडे बघत उभी होती. "टीचर, चारातली तीन."

"हो."

"नियमात नाव वाचता आलं पाहिजे असं आहे."

"चारातली तीन म्हणजे किती टक्के झाले?"

तिने माझ्याकडे बघितलं. "पंचाहत्तर."

"पंचाहत्तरला काय म्हणतात?"

"डिस्टिंक्शन, टीचर." मग हळू आवाजात, "मला भूगोलात कधीच नाही मिळालं."

"नाहीच मिळायला पाहिजे होतं. तू दगड बघायला दुपारी बाराला येतेस."

फुलवाली मोठ्याने हसली, सिमेटरीत आहोत हे विसरून. सेक्रेटरीने दोऱ्याला बांधलेलं पेन ओढलं, खाली सही केली आणि यादीतल्या आमच्या ओळीवर काट मारली. जाताना म्हणाली, "पण टीचर, दोन-चार वर्षांनी परत तपासणी होईल. तोपर्यंत..."

"तोपर्यंत मी त्याला हात लावणार नाही."

"पाणी?"

"पाणीही नाही. पाऊस आहे ना."

या वर्षी मृतांच्या दिवशी सिमेटरी पांढरीशुभ्र होती, चिंचेचा आणि ॲसिडचा वास सगळीकडे. माझ्या मुलीचा दगड तेवढा हिरवा-काळा. दोन बायका तो बघून एकमेकींच्या कानात कुजबुजल्या. मी त्यांना थांबवून विदारण समजावलं. एक जण म्हणाली, "टीचर, रिटायर झालात ना आता?" त्यांचं घासणं थांबलं नाही. त्या यापुढेही घासतील, आणि त्यांची नावंही गुळगुळीत होतील, आणि कमिटी दगड उचलत राहील. मी सगळ्यांना शिकवू शकत नाही. मी स्वतःलाही शिकवू शकले नव्हते.

दगड जागेवर आहे. त्याच्यावर तिच्या नावाचं पहिलं, तिसरं आणि चौथं अक्षर आहे, आणि तिचं वय आहे.